टीव्ही, रील, बॅनर आणि आपल्या खान्देशातले बाईमाणूस-गडीमाणूस : तुमचे अनुभव लिहा

बाईने काय करायचं अन् गड्याने काय करायचं हे घरात शिकवतातच, पण आता सिरीयल, रील, भिंतीवरची जाहिरात, चौकातला बॅनर हे सगळे पण शिकवतात आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. माझं सासर यावल तालुक्यात. बियाण्याची, औषधाची, ठिबकची कोणतीही जाहिरात घ्या, पिकात फेटा बांधलेला माणूस उभा, बाई असलीच तर डोक्यावर भाकरीची टोपली. आमच्याकडे निंदणी बायाच करतात, कपाशी बायाच वेचतात, कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकायचं, बोंडाची टोकं लागून बोटं फाटतात, रात्री भाकरी थापताना त्याच बोटांची आग होते. आणि माझ्या मुलीला शेतकऱ्याचं चित्र काढ म्हटलं की ती मिशीवाला काढते, आजी रोज शेतात जाते तरी. मला हे फार लागतं. तुम्ही काय पाहिलं, कशाने फरक पडला, चांगलं-वाईट दोन्ही लिहा. कोणाची नावं नको, तालुका चालेल.

धरणगाव, शिक्षक
ताई, पुस्तकाचं सांगतो. २०१९ मध्ये बालभारतीचं दुसरीचं पुस्तक बदललं, त्यात आई-बाबा मिळून भाजी निवडताय, बाबा इस्त्री करताय अशी चित्रं आली. वर्गात पहिला प्रश्न हाच, सर यांची आई आजारी आहे का? मी समजावत बसलो नाही, घरी कोण काय करतं ते विचारलं. एक मुलगा हळूच म्हणाला की आई पहाटे मजुरीला जाते म्हणून पीठ मीच मळतो. पोरं हसली. त्याने पुस्तक वर धरलं आणि म्हणाला, यात पण आहे ना. चित्राचा उपयोग मला त्या दिवशी समजला.

शिरपूर
अहिराणी व्हिडिओ मी आवडीने बघतो, आपली बोली मोबाईलवर ऐकून खरंच बरं वाटतं, पण नवरा-बायकोचा विषय आला की बायको भांडकुदळ आणि नवऱ्याने भांडे घासले की तोच जोक, दुसरं काही सुचतच नाही का यांना? सुटीत गावी आलो होतो, बायकोला ताप होता, भाकरी मीच टाकायला बसलो तर काकू आईला म्हणे, "मन्हा आंडोर थापस का वं कधी भाकरी?" (माझा मुलगा थापतो का गं कधी भाकरी?) आई खाली मान घालून बसली. तोवर चुलतभावाने शूटिंग काढून त्याला गाणं लावून फॅमिली ग्रुपला टाकलं पण, वर लिहिलं बायकोचा बैल. वडील बरेच दिवस माझ्याशी बोलले नाही. ताप आलेल्या बाईला कोणी विचारलं नाही की जेवलीस का.

जळगाव
शिरपूरच्या दादा, हिवाळ्यातली भरीत पार्टी आठवा. शेतात सगळे पुरुषच, वांगी काड्यांवर भाजायची, सोलायची, लाकडी बडगीत ठेचायची, फोडणी, कांद्याची पात, सगळं तेच करतात आणि यूट्यूबवाले येऊन कौतुकाने शूटिंग करतात. तिथे कोणाला लाज वाटत नाही कारण चारचौघांत केलं की ती कला, घरात चुलीपुढे केलं की बायकांचं काम. माझ्या सासूबाई मांडे करायच्या, पीठ दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत मोठं करायचं आणि धुरात बसून उलट्या खापरावर टाकायचं. त्यांचा एक व्हिडिओ नाही कोणाकडे.

भुसावळ, रेल्वेतले वडील
चांगला अनुभव पण लिहितो. सुरेखा यादव, साताऱ्याच्या, आशियातल्या पहिल्या महिला ट्रेनचालक, त्यांनी १३ मार्च २०२३ ला सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली, त्याची बातमी मुलीने कापून कपाटाला चिकटवली आणि आता ती असिस्टंट लोको पायलटच्या, म्हणजे सहाय्यक इंजिनचालकाच्या, परीक्षेचा अभ्यास करतेय. आमच्यातले काही म्हणतात पोरीला कशाला रात्रपाळीत टाकता. बऱ्याच इंजिनांत संडासच नाही ही त्यांची गोष्ट मात्र खरी आहे. बातमीत हारतुरे येतात, ही अडचण येत नाही. यायला पाहिजे.

साक्री
मी राखीव जागेवर सरपंच झाले. २०११ पासून आपल्याकडे पंचायतीत निम्म्या जागा बायकांना आहेत. अभिनंदनाच्या बॅनरवर माझ्यापेक्षा मालकांचा फोटो मोठा. लोकल चॅनलवाले आले की माईक त्यांच्यापुढे, मी बाजूला पदर धरून उभी. प्रतिभाताई पाटील १९६२ ला जळगावातून आमदार झाल्या, २००७ ला राष्ट्रपती झाल्या हे भाषणात सगळे सांगतात आणि भाषण झालं की कामासाठी फोन सरपंचाच्या नवऱ्यालाच लावतात. टँकरच्या वेळेस मी सरळ म्हटलं, माईक इकडे द्या, कोणत्या गल्लीत पाणी पोचलं नाही ते मला माहिती आहे. मालक रागावले नाही, उलट बाजूला सरकले. तोवर कोणी त्यांना सरकायला सांगितलंच नव्हतं!

धडगाव, नर्स
मी पावरा आदिवासी आहे. सिरीयलीत आमची बाई दिसते ती फक्त नाचताना, डोक्यात फूल लावून. मी पाड्यांवर लसीकरणाला पायी जाते, माझ्यासारख्या कितीतरी जणी जातात. आम्ही कुठेच दिसत नाही.

पारोळा
सगळं मोबाईलवर ढकलू नका भाऊ. २०११ च्या जनगणनेत आपल्या जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वयात हजार मुलांमागे ८४२ मुली होत्या, तेव्हा कोणाच्या हातात रील होती? ती पोरं आता कुठे लग्नाच्या वयाला येताय, त्यांच्या आधीच्यांनाच पोरी मिळत नाही, आणि ग्रुपवर रोज व्हिडिओ येतात की शेतकरी नवरा नको म्हणणारी पोरगी किती घमेंडी. मुली कमी कोणी केल्या त्याच्यावर एक व्हिडिओ येत नाही. सोनोग्राफी करून कोण गप्प बसलं ते गावाला माहिती आहे.

चाळीसगाव
त्या व्हिडिओतली 'नाही म्हणणारी' मीच समजा. मला शेतीचा कंटाळा नाही, मी कांदे लावलेय, कपाशी वेचलीय. बघायला आले तेव्हा त्यांनी विचारलं शेतात काम करशील ना, मी हो म्हटलं, आणि मग सातबाऱ्यावर माझं पण नाव लावाल का ते विचारलं. मुलगा काही बोलला नाही, त्याच्या मामाने चहाचा कप खाली ठेवला आणि बैठक उठली. नंतर गावात झालं की पोरीला नोकरीवालाच पाहिजे. पुढच्या स्थळाला पण मी हेच विचारणार आहे, आणि आई आता माझ्या बाजूने आहे.