ट्रान्सप्लांटनंतर पीआरपी लगेच करावंच लागतं का? तातडीने मदत हवी आहे (निपाणी / बेळगाव)

वखारवाला
मंडळी, पटकन सांगा. हेअर ट्रान्सप्लांट केलंय. आता लावलेले केस गळायलेत. सकाळी उशीवर बारीक बारीक केस पडलेले असतात. क्लिनिकची बाई रोज फोन करून सांगतीय, पीआरपी (आपल्याच रक्तातला भाग काढून डोक्यात टोचतात ते) लगेच चालू करा नाहीतर ग्राफ्ट (लावलेली केसांची मुळं) धरणार नाहीत. तीन सिटिंगचं पॅकेज आहे, या आठवड्यात पैसे भरले तर सूट. एवढंच विचारायचंय, करू का नको? आणि बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यात कुठं करतात? घरगुती उपाय सांगू नका. 'केस नसले म्हणून काय बिघडतं' असलं पण सांगू नका, ते सांगायला घरात माणसं आहेत.

दुसरं_गेट
करून टाका. मी हुबळीला करून घेतलंय, महिन्याला एक असं चार वेळा. पहिल्या खेपेला जीव गेला. आधी कपाळाच्या कडेने बधीर करायचं इंजेक्शन मागून घ्या, नाहीतर डोळ्यांतून पाणी काढतात. माझा टाळूचा भाग बऱ्यापैकी भरला. वाट बघत बसू नका.

खानापूरचा_पाऊस
@दुसरं_गेट, तुमचं ट्रान्सप्लांट होतं का नुसतं पीआरपी?

दुसरं_गेट
नुसतं पीआरपी. आणि मिनॉक्सिडिल, केस वाढायचं डोक्याला लावायचं औषध, चालू होतं. खरं फरक पीआरपीचाच.

खानापूरचा_पाऊस
दोन्ही चालू असताना फरक कशाचा ते कसं कळलं? अर्ध्या डोक्यालाच लावत होता काय?

वॉर्ड_सिस्टर
अरे बाबा, ट्रान्सप्लांट कधी केलंस, वय किती, पट्टी काढून केलं की एकेक केस काढून, औषधं कोणती चालू आहेत, यातलं एक अक्षर लिहिलं नाहीस. आणि उत्तर पटकन पाहिजे. आधी हे सांग.

वखारवाला
दसरा झाल्यावर केलं. आता तुळशीची लग्नं झाली, हिशेब करा. एफयूई, म्हणजे एकेक काढून, २२०० ग्राफ्ट. वय ३२. औषधं म्हणजे अँटिबायोटिक होतं ते संपलं. या सगळ्याचा काय संबंध?

लॅबवाला_बंडू
मी लॅबमध्ये आहे म्हणून सांगतो. पीआरपी म्हणजे काय ते आधी समजून घ्या. तुमचंच रक्त, साधारण १५ ते ३० मिली, न गोठण्याचं औषध असलेल्या ट्यूबमध्ये घेतात. ट्यूब सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की लाल पेशी तळाला बसतात, वर पिवळा प्लाझ्मा येतो आणि दोन्हीच्या मधे एक पातळ पांढुरकी रेघ दिसते. प्लेटलेट त्या रेघेच्या आसपास असतात. चांगले लोक वरचा भाग काढून पुन्हा एकदा फिरवतात आणि तळाशी जे दाट उरतं तेच वापरतात. मूळ रक्ताच्या तीन ते पाच पट प्लेटलेट निघाल्या पाहिजेत. त्यातून पीडीजीएफ, व्हीईजीएफ असले वाढीचे घटक सुटतात, जखम भरायला आणि नवीन रक्तवाहिन्या फुटायला मदत करणारे. घाईगर्दीत कुणी नुसता वरचा पिवळा प्लाझ्मा सुईत भरला तर ते लोणी घरात ठेवून ताक दिल्यातली गत. पेशंटला कळत नाही, दोन्ही पिवळंच दिसतं. म्हणून विचारा, एकदा फिरवता की दोनदा, आणि तयार झाल्यावर काउंट बघता का. हा प्रश्न ऐकून चिडले तर तिथून उठा.

वखारवाला
बंडूशेठ, मला मशीन विकत घ्यायचं नाही. करू का नको?

कुंदाप्रेमी
रोज उपाशीपोटी पपईच्या पानाचा रस दोन चमचे. प्लेटलेट वाढतात. मग रक्तच दमदार, पीआरपी पण दमदार. साधं लॉजिक आहे.

वखारवाला
घरगुती नको म्हटलं होतं.

कुंदाप्रेमी
घरगुती कुठं? पपई परसात आहे.

वॉर्ड_सिस्टर
दसऱ्यानंतर म्हणजे महिना-सव्वा महिना झाला. मग हे गळणं अपेक्षितच आहे. लावलेला केस दुसऱ्या ते आठव्या आठवड्याच्या दरम्यान गळतो, मूळ आत राहतं. ग्राफ्ट साधारण दहा दिवसांत पक्का बसतो, त्यानंतर धरला-न धरला हा प्रश्न उरत नाही. नवीन केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून दिसायला लागतात, तेही आधी बारीक आणि वेडेवाकडे. खरा निकाल वर्षाने बघायचा, टाळूचा त्याहून उशिरा. 'पीआरपी नाही केलं तर ग्राफ्ट धरणार नाहीत' हे वाक्य ज्यांनी फोनवर सांगितलं त्यांनी ते कागदावर सहीनिशी लिहून द्यावं.

पीआरपी वाईट आहे असं मी म्हणत नाही. काही डॉक्टर ऑपरेशनच्या दिवशीच देतात, काही महिन्याने, काही तीन महिन्यांनी. एकच ठरलेली पद्धत नाही, अभ्यासही उलटसुलट आहेत. काहींत केस लवकर आणि दाट आले, काहींत फारसा फरक नाही. म्हणून हे वरचं टॉनिक समज, मुळाला घालायचं पाणी समजू नकोस.

आता सांग. खपल्या सगळ्या गेल्या का? लाली, पू, दुखणं? आणि गळतायत ते फक्त पुढचे लावलेले केस, की मागचे, कानाजवळचे तुझे जुने केसही?

वखारवाला
खपल्या गेल्या. एक-दोन पुटकुळ्या आहेत, पू नाही. आप्पाचीवाडीच्या यात्रेला पण गेलो नाही, डोक्यावर भंडारा पडंल म्हणून. आई अजून बोलत नाही माझ्याशी.
जुने केस पण गळायलेत. कंगव्यात लांब लांब येतात, मागचे, बाजूचे, सगळीकडचे. ते क्लिनिकवाल्यांना सांगितलं तर म्हणाले, म्हणूनच पीआरपी घ्या.

शहापुरी_काठ
दादा, पावसाळ्यात ताप वगैरे आला होता का?

वखारवाला
श्रावणात डेंगी झाला होता. ॲडमिट होतो, प्लेटलेट ४० हजारांवर आल्या होत्या. खरं तो बरा झाला. त्याचा इथं काय संबंध?

वॉर्ड_सिस्टर
हे पहिल्या ओळीत लिहायला काय झालं होतं रे! संबंध सगळा तिथंच आहे. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी डोक्यावरचे सगळीकडचे केस गळतात. डेंगी, टायफॉइड, कोविड, बाळंतपण, सगळ्यांत बघितलंय. ऑपरेशनचा ताण त्यावर आणखी. हे आपोआप थांबतं, काही महिने जातात. त्यासाठी डोक्यात सुया टोचायची घाई नाही. आधी सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घे.

कुंदाप्रेमी
बघा! प्लेटलेट! मी पपई सांगितली तेव्हा हसला होता.

लॅबवाला_बंडू
कुंदाप्रेमी, डेंगीतून उठल्यावर प्लेटलेट आठ-दहा दिवसांत जागेवर येतात. श्रावणातला ताप, आता कार्तिक. पपई झाडालाच राहू दे. खरं सीबीसी केल्याशिवाय पीआरपी करू नये हे बरोबर. प्लेटलेट कमी असतील, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा डोक्यावर जंतुसंसर्ग असेल तर करतच नाहीत. आणि पीआरपीच्या आधी-नंतर ब्रुफेन, ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळ्या टाळायला सांगतात, त्या प्लेटलेटचंच काम मंद करतात. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असली तर मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करायची नाही.

दुसरं_गेट
म्हणजे पीआरपी फालतू असंच ठरवलं का सगळ्यांनी? मला फायदा झाला तो काय स्वप्नात?

खानापूरचा_पाऊस
कुणी फालतू म्हटलं नाही. तुमचे केस पातळ होत होते, याचे ताप आणि ऑपरेशनमुळे गळायलेत. दुखणं वेगळं आहे.

येळ्ळूरचा_गडी
क्लिनिकच्या संमतीपत्रात काय लिहिलंय ते वाचलं का आधी?

वखारवाला
ते कन्नड आणि इंग्रजीत होतं. कन्नड बोलता येतंय, वाचायला जमत नाही. इंग्रजी चार पानं होती, गडबडीत सही केली.

येळ्ळूरचा_गडी
हेच! हेच सांगतोय वर्षानुवर्षं. मराठी माणसाला त्याच्या भाषेत कागद मिळत नाही. १९५६ पासून...

खानापूरचा_पाऊस
गडीसाहेब, सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. त्याच्या आधी या माणसाचे केस तरी येऊ देत.

चिकोडी_एक्स्प्रेस
सीमाभागातल्या ८६५ गावांना महाराष्ट्राची महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली होती ना २०२३ मध्ये? आमचं गाव त्यात आहे. त्यात हे बसंल का?

वॉर्ड_सिस्टर
सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया बसत नाही. आरोग्य विम्यातही नाही.

हिशेबनीस
आणखी एक. आरोग्यसेवेला जीएसटीची सवलत आहे, त्यातून हेअर ट्रान्सप्लांट मुद्दाम वगळलंय. तेव्हा 'कर नको असेल तर बिल नको' म्हणणाऱ्याकडे एक रुपया भरू नका. पक्कं बिल नसेल तर उद्या तक्रार कशाच्या जोरावर करणार? पॅकेजचे पैसे आगाऊ तर अजिबात नाही. एका सिटिंगचे द्या, फरक बघा, मग पुढचे.

शहापुरी_काठ
दादा, राग मानू नका. ऑपरेशन कुणी केलं? डॉक्टरनी की...

वखारवाला
डॉक्टरनी पुढची रेघ आखली, थोडा वेळ थांबले. बाकी दोन पोरांनी केलं. सफाईदार होती पोरं.

वॉर्ड_सिस्टर
सफाईदार असतीलही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलंय की हे काम रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचं, व्हिडिओ बघून किंवा एखादी कार्यशाळा करून शिकायचं नाही. पीआरपीला जाशील तिथं डॉक्टर त्वचारोगाचे किंवा सर्जन आहेत का बघ. कर्नाटकात असेल तर केपीएमईचं (खाजगी दवाखान्यांच्या कायद्याचं) नोंदणीपत्र भिंतीवर लावलेलं पाहिजे. रक्त काढणारा हात आणि सुई कुणाची ते डोळ्यांनी बघ, सुई आणि ट्यूब तुझ्यासमोर फोडायला सांग.

आणि टक्कल वाढू नये म्हणून फिनास्टराइडची गोळी दिली आहे का?

वखारवाला
दिलीय. घेत नाही. मित्र म्हणाला मर्दानगी जाते.

दुसरं_गेट
😂

वॉर्ड_सिस्टर
हसू नका, खूप जण हेच करतात. काहींना तसा त्रास होतो, बहुतेकांना होत नाही, आणि झाला तर डॉक्टरला सांगून थांबवता येते. मित्राला विचारून सोडायची गोळी नव्हे ती. मागून काढून पुढे लावलेला केस टिकतो, तो सहसा या टकलाच्या प्रकारात गळत नाही. खरं त्याच्या आजूबाजूचे तुझे मूळचे केस पातळ होत राहणार. पाच वर्षांनी पुढे झुडूप आणि मागे माळरान नको असेल तर मूळच्या केसांचा इलाज चालू ठेवायला लागतो, गोळी असो, मिनॉक्सिडिल असो. पीआरपी घ्यायचंच असेल तर त्या मूळच्या केसांसाठी विचार कर.

कुंदाप्रेमी
गोळीपेक्षा भृंगराज...

वखारवाला
नको म्हटलं ना!

दाढीवाला_संभा
मधेच विचारतो, दाढीला पण ट्रान्सप्लांट होतं का? माझ्या गालावर एक मोकळा पट्टा आहे.

खानापूरचा_पाऊस
होतं. नवीन धागा काढा.

वखारवाला
अपडेट. बेळगावात टिळकवाडीला एका स्किनच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. पहिल्या गेटाजवळ गाडी लावायला जागा नाही, अर्धा तास त्यातच गेला. प्लेटलेट २ लाख ३० हजार, ठीक आहेत. थायरॉइड ठीक. फेरिटिन मात्र फारच खाली, लोहाच्या गोळ्या दिल्या. भिंग लावून डोकं बघितलं, म्हणाले ग्राफ्टची मुळं जागेवर आहेत, पुटकुळ्यांना मलम लावा. गळणं तापाचं. पीआरपी आत्ता नाही, संक्रांतीनंतर या, तेव्हा बघू, आणि तेव्हाही एकेक करून. फिनास्टराइड कशी घ्यायची ते नीट समजावलं, आजपासून चालू करतोय.
फी घेऊन सिस्टरनी जे फुकट सांगितलं तेच सांगितलं. क्लिनिकला फोनवर सांगितलं की लेखी द्या, तर बाई म्हणाली, सर, चौथं सिटिंग फ्री देतो.

हिशेबनीस
चौथं फ्री म्हणजे तिघांत त्याचे पैसे धरलेत.

दुसरं_गेट
संक्रांतीनंतर हुबळीला यायचं असेल तर सांगा, मी घेऊन जातो. माझं पण पुढचं सिटिंग आहे.

वॉर्ड_सिस्टर
लोहाच्या गोळीवर लगेच चहा पिऊ नकोस, शोषलं जात नाही. हेल्मेट घालतोस का? आतून स्वच्छ ठेव. आणि आईशी बोल.

शहापुरी_काठ
सिस्टर, बायकांना पीआरपी चालतं का? भांगात केस विरळ झालेत, बाळ सात महिन्यांचं आहे.

वॉर्ड_सिस्टर
तुझं तर बाळंतपणानंतरचं असेल. हिमोग्लोबिन केलंस का? वेगळा धागा काढ, तिथं लिहिते. आणि पहिल्या पोस्टमध्येच सगळं लिही बाई.