घरावरच्या खासगी नोटा शोधून विकत घेणं: शहाणपण की सावकारी?

डॅलसचा_दाजी

नोट म्हणजे खिशातली नव्हे, आधीच सांगतो.

इथे अमेरिकेत एखादा वयस्कर मालक घर विकायला काढतो आणि घेणाऱ्याला बँक दारात उभं करत नाही. मग मालकच म्हणतो, वीस हजार डॉलर आता दे, उरलेले ऐंशी हजार दरमहा हप्त्याने मलाच फेड. घेणारा वचनचिठ्ठी लिहून देतो, घर नजरगहाण राहतं. आपल्याकडे सातबाऱ्यावर बोजा चढतो, तसा इथे काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, दप्तरात दस्त नोंदवतात. ती वचनचिठ्ठी म्हणजे नोट. धनको ती पुढे कुणालाही विकू शकतो.

अशा नोटांची दुकानं नसतात, त्या हुडकाव्या लागतात. आमच्या भागातल्या काउंटी क्लार्कची दप्तरं ऑनलाइन बघता येतात. 'डीड ऑफ ट्रस्ट', म्हणजे घर गहाण ठेवल्याचे दस्त, काढायचे आणि धनकोच्या जागी बँकेऐवजी माणसाचं नाव कुठे आहे ते बघायचं. एका शनिवारी तीनशे दस्त चाळले तेव्हा नऊ नावं हाती लागली, त्यातली दोन सासऱ्याने जावयाला दिलेली निघाली. (ती सोडून द्यायची. घरचं भांडण विकत घेऊ नये.) वर्षभरात नव्वद पत्रं टाकली, सहा फोन आले आणि एक सौदा झाला.

सौदा असा: मूळ नोट ८०,००० डॉलरची, ६ टक्के, १५ वर्षं, हप्ता ६७५ डॉलर. पाच वर्षं नियमित हप्ते आलेले, शिल्लक साधारण ६०,८००. धनको एक आजीबाई. मी ती ४७,००० ला घेतली. त्यांना रोख हवी होती, मला हप्ता हवा होता. बायको म्हणते, तू सावकार झालास. मला तरी यात कुणाचं वाईट झालेलं दिसत नाही. तुमचं मत सांगा.

कोलंबसकर

दाजी, तुम्ही ज्यांना पत्रं टाकता त्या यादीतला मी एक आहे. सहा वर्षांपूर्वी ओहायोतलं भाड्याचं घर भाडेकरूलाच हप्त्याने विकलं, तेव्हापासून महिन्याला दोन-तीन पत्रं येतात. पिवळा, रेघांचा कागद. अक्षर हाताने लिहिल्यासारखं, पण प्रत्येक पत्रातला 'ग' एकाच जागी पुसटलेला. काउंटीच्या दस्तात माझ्या आडनावाचं स्पेलिंग चुकलंय, आणि ती चूक प्रत्येक पत्रात जशीच्या तशी उतरते. वर लिहिलेलं, "मी तुमच्याच भागात राहतो." पाकिटावर शिक्का फ्लोरिडाचा.

त्याचं हसू येतं. पण मागच्या गल्लीतल्या एका बाईंचे यजमान गेले, वर्तमानपत्रात निधनवार्ता छापून आली आणि पंधरवड्यात त्यांना तीन पत्रं आली. त्यांच्याकडेही अशीच एक नोट होती. शोधणं म्हणता ते हेच असेल, तर त्याला मी टपून बसणं म्हणतो.

डॅलसचा_दाजी

निधनवार्ता मी चाळत नाही. पण काका, पत्रच गेलं नाही तर नोट विकता येते हे त्या आजींना कळणार कसं? कित्येकांना वाटतं की पंधरा वर्षं चेकची वाट बघण्यावाचून इलाज नाही.

सुपेकर

आमच्या गावचं नाव घेतल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्या फोडल्या आणि रोखे जाळले. माणसांपेक्षा कागदांवर राग जास्त होता, कारण जमीन कागदातून जात होती. पुढे १८७९ चा शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला तो त्यातूनच. दीडशे वर्षांनी आपलाच माणूस डॅलसला बसून दुसऱ्याचे रोखे गोळा करतोय आणि वर विचारतोय, यात वाईट काय?

निवांत_पाटील

सुपेकर, गल्लत होतेय. सुप्याला रोखा सावकाराने स्वतः लिहून घेतला होता, व्याजही त्यानेच लावलं होतं. इथे नोट विकली तरी कर्जदाराचा व्याजदर, हप्ता, मुदत, काहीही बदलत नाही. काल चेक आजींच्या नावाने फाडायचा, आज दाजींच्या नावाने. दाजींनी स्वस्तात घेतली ती आजींकडून, कर्जदाराकडून नव्हे.

सुपेकर

कागदावर बदलत नाही, बरोबर. पण आजी पाच तारखेचा हप्ता वीस तारखेला आला तरी "असू दे रे" म्हणायची. नवा धनी म्हणेल का? टेक्सासमध्ये राहतं घर असेल तर थकबाकी भरायला किमान २० दिवसांची नोटीस, मग लिलावाची २१ दिवसांची, आणि महिन्याच्या पहिल्या मंगळवारी घराचा लिलाव. कोर्टाची पायरीही चढावी लागत नाही. माझा मेव्हणा ह्यूस्टनला असतो, त्याच्या शेजाऱ्याचं घर असंच गेलं. मला आजीची सवलत कुठल्या दस्तात लिहिलीय ते दाखवा.

टायटलवाली

मी टायटल कंपनीत, म्हणजे घराच्या मालकीचे कागद तपासून देणाऱ्या कंपनीत, बारा वर्षं काढली. नीतीचं तुम्ही बघा, मी कामाचं बोलते.

दाजी, दप्तर चाळून पत्रं टाकणं हा सगळ्यांत गर्दीचा रस्ता आहे, तीच यादी आणखी वीस जण काढतात. चांगल्या नोटा आमच्यासारख्यांच्या टेबलावरून जातात. वारसाहक्काची कामं करणारे वकील, टॅक्स भरून देणारे, हप्ते गोळा करून देणाऱ्या सर्व्हिसिंग कंपन्या, यांना आधी कळतं की कोणाला विकायचीय. शिवाय तिथे धनको स्वतःहून विचारत आलेला असतो, म्हणजे कोलंबसकरांची तक्रारही उरत नाही.

आणि नोट सापडणं हे अर्धं काम. एका गृहस्थांनी चाळीस हजार मोजले आणि हातात आली झेरॉक्स. मूळ नोट विकणाऱ्याच्या माळ्यावर होती की नव्हतीच, देव जाणे. मूळ कागद, त्यावर तुमच्या नावाने केलेलं शेऱ्याचं हस्तांतर, गहाण तुमच्या नावावर केल्याचं काउंटीत नोंदलेलं असाइनमेंट आणि "माझ्याकडून इतकं येणं बाकी आहे, माझी काही हरकत नाही" असं कर्जदाराच्या सहीचं पत्र, हे चार कागद बघितल्याशिवाय पैसे सोडू नयेत. घरपट्टी थकली असेल तर काउंटीचा हक्क तुमच्या आधी, हेही विसरू नका. एकाच मालकाने वर्षात तीनपेक्षा जास्त घरं, राहायला घेणाऱ्यांना, अशी हप्त्याने विकली असतील तर घरकर्ज देणाऱ्यांसाठीचे जानेवारी २०१४ पासूनचे केंद्रीय नियम लागू होतात. तशी नोट घेण्याआधी वकिलाला दाखवा.

हिशेबनीस

सगळे भावनेवर बोलताहेत, मी जरा आकडे मांडतो.

१२० हप्ते, ६७५ चे, ४७,००० ला. म्हणजे दाजींना वर्षाला बारा टक्क्यांच्या किंचित वर सुटतात. दहा टक्क्यांवर समाधान मानलं असतं तर आजींना ५१,००० मिळाले असते. चार हजारांचा फरक. दाजी, पत्रात "तुमच्या नोटेवर मी बारा टक्के कमावणार" असं लिहिलं होतं का?

दुसरं, करांचं. हप्त्याने विक्री केली की नफ्यावरचा कर हप्त्याहप्त्याने भरता येतो, फॉर्म ६२५२ वर दाखवून. नोट विकली की लांबवलेला नफा त्याच वर्षी अंगावर येतो. म्हणजे आजींच्या हातात ४७,००० सुद्धा पडले नसतील. पिवळ्या कागदावर हे कुणी लिहीत नाही.

तिसरं आणि मला सगळ्यांत जास्त खटकलेलं. आजींना नेमके किती पैसे हवे होते?

डॅलसचा_दाजी

छताचं काम आणि मुलीचं थोडं देणं. तीसेक हजार म्हणाल्या होत्या.

हिशेबनीस

मग अख्खी नोट कशाला घेतलीत? पुढचे फक्त ६० हप्ते विकत घ्यायचे होते. दहा टक्क्यांनी त्याचे जवळपास ३१,८०० होतात. छत झालं असतं, देणं फिटलं असतं, आणि पाच वर्षांनी नोट आजींकडे परत गेली असती, ३४,९०० शिल्लक घेऊन. या धंद्यात हे रोज चालतं, तुम्हाला ठाऊक नसेल असं वाटत नाही.

डॅलसचा_दाजी

ठाऊक होतं. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्या ऐंशीच्या घरात आहेत, पाच वर्षांनी नोट परत घेऊन काय करणार, असं तेव्हा वाटलं. आणि खरं सांगायचं तर मलाही अख्खीच हवी होती. नव्वद पत्रांचा खर्च, वकील, टायटल तपासणी, सगळं एकाच सौद्यावर निघायचं होतं. जोखीमही माझीच. उद्या कर्जदाराने हात वर केले तर आजी ४७,००० परत देणार नाहीत.

निवांत_पाटील

हे मात्र दाजींचं रास्त आहे. बारा टक्के फुकट मिळत नाहीत. सहा टक्क्यांची नोट कुणी शिलकीच्या भावाने घेणार नाही, बँकसुद्धा नाही.

कोलंबसकर

शिलकीचा भाव कोण मागतंय? पाटील, मला उद्या विकायची झाली तर मी त्यालाच विकेन जो आधी विचारेल, "काका, किती हवेत?" आजवर आलेल्या एकाही पत्रात हा प्रश्न नाही. सगळ्यांत एकच वाक्य, "सात दिवसांत रोख."

सुपेकर

आणि "ताई" किंवा "काका" म्हणणाऱ्यांपासून तर आणखी जपा.

टायटलवाली

दाजी, जाता जाता एक. नोट तुमच्या नावावर झाली, पण त्या घराच्या विम्यावर गहाणदार म्हणून आजींचं नाव काढून तुमचं घातलंत का? गारपिटीने छत गेलं तर नुकसानभरपाईच्या चेकवर अजून आजींचंच नाव येईल.

डॅलसचा_दाजी

नाही घातलं. सोमवारी सकाळीच फोन करतो.