वर्षभर पर्यावरणाचं काम केलं तर पुढे नोकरी मिळते का?

रानवाटा: ग्रॅज्युएशन झालंय, आता एक वर्ष कुठल्यातरी कॉन्झर्वेशन कॉर्प्स टाइप प्रोग्रॅममध्ये काढायचं मनात आहे, झाडं लावणं, जंगलातल्या पायवाटा दुरुस्त करणं वगैरे. मानधन तुटपुंजं असतं ते चालेल, पण पुढे ग्रीन जॉब मिळतो की नुसतं सर्टिफिकेट? घरचे म्हणतायत फुकटात राबवून घेतात.

आडवाट: घरचे अगदीच चुकीचं नाही बोलत. आधीच्या बॅचची मुलं आज काय करतायत ते विचार, उत्तर गोलगोल आलं तर समजून जा. झाडं काय कुणीही लावतं हो, खड्डा खणता येतो म्हणून कोण पगार देणार. बी गोळा करून रोपवाटिका सांभाळणं, बाहेरून आलेली झुडपं ओळखून मुळासकट काढणं, जीपीएस घेऊन नकाशे करणं, दोन वर्षांनी किती रोपं जगली ते मोजणं, हे शिकवत असतील तर जा. मोजायचं काम सगळ्यात कंटाळवाणं असतं पण सर्व्हेच्या नोकऱ्यांत तेच लागतं.

जुनंखोड: फुकटात राबवतात हे सरसकट खरं नाही. १९३३ ला मंदीत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी अमेरिकेत सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कॉर्प्स काढली तेव्हा महिना ३० डॉलर होते, त्यातले २५ च्या आसपास थेट घरी जायचे, वर जेवण-राहणं. १९४२ पर्यंत साधारण ३० लाख पोरं त्यातून गेली, ३०० कोटींच्या आसपास झाडं लावली, आणि संध्याकाळच्या वर्गांत कित्येकजण लिहायला-वाचायला शिकले. मुलींना मात्र घेत नव्हते आणि काळ्या पोरांचे कॅम्प बहुतेक वेगळे, तेव्हा फार गोडवे गायला नकोत. आणि असले प्रोग्रॅम सरकारच्या मर्जीवर चालतात हेही बघ, बायडेननी २०२३ ला अमेरिकन क्लायमेट कॉर्प्स जाहीर केली, २०२५ च्या जानेवारीपर्यंत गाशा गुंडाळला पण.

रानवाटा: बापरे, एवढ्यात बंद? एका ठिकाणी सोलर पॅनल बसवायचं पण शिकवतात म्हणे, ते घेऊ का?

आडवाट: घे की, पण वायरिंग, इन्व्हर्टर जोडणी, छपरावर दोर बांधून काम करणं हे स्वतःच्या हाताने करायला मिळतं का ते विचार, नाहीतर महिनाभर स्लाइडच बघत बसशील. आणि अपघात विमा कोण काढतं ते लेखी घे, चेनसॉ, म्हणजे झाडं कापायची मशीनवरची करवत, हातात देणार असतील तर आधी ते.