मदत हवी आहे : २००० ते २०१० मधला आई-मुलाचा हिंदी सिनेमा सुचवा

मंडळी, अमळनेरला आमच्या गल्लीतल्या बायकांसमोर हिंदी सिनेमातल्या बदलत्या आई-मुलाच्या नात्यावर अर्धा तास बोलायचंय. छोटे तुकडेही दाखवणार आहे.

सुरुवात जमलीय. 'मदर इंडिया' (१९५७) मधली नर्गिस बिरजूवर गोळी झाडते. 'दीवार' (१९७५) मधली निरुपा रॉय स्वतः झाडत नाही, धाकट्याच्या हातात पिस्तूल देते. 'वास्तव' (१९९९) मधे रीमा लागू पुन्हा स्वतः. घरी हे दाखवून पाहिलं तर काकू उखडल्या, "मायच पोरले गोळी मारस?" म्हणजे चर्चा रंगणार, यात शंका नाही.

शेवटाला 'विकी डोनर' (२०१२) मधली डॉली अहलुवालिया, संध्याकाळी सासूबरोबर पेला घेऊन बसणारी, आणि 'बधाई हो' (२०१८) मधली नीना गुप्ता. आईच्या गरोदरपणाची तरण्या पोराला लाज वाटते, ते फार छान आलंय.

अडलंय मधेच. 'कभी खुशी कभी गम' (२००१) नको, ती आई पुन्हा वाट पाहणारी, आरतीचं ताट घेतलेली. मराठी सिनेमे माहीत आहेत, पण विषय हिंदीचाच. श्रोत्यांत आज्ज्याही आहेत, तेव्हा शिवीगाळ नको.

२००० ते २०१० मधे, मुलाशी बरोबरीने भांडणारी, नुसती त्यागमूर्ती नसलेली आई कोणत्या हिंदी सिनेमात आहे? आणि त्यातला नेमका कोणता प्रसंग दाखवू?