एप्रिल संपत आला तरी बर्फ! आणि माझ्या स्टेशनवर पाऊस चक्क शून्य?

गडग्यावरची_माऊ (डर्बीशर)

नमस्कार मंडळी, इथं हवामानाची नोंद ठेवणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. आम्ही बक्स्टनच्या पलीकडं एका खेड्यात राहतो, उंची साधारण ३३० मीटर, चहूकडं मेंढ्यांची कुरणं आणि आपल्या कोकणातल्यासारखे दगडी गडगे. हिवाळ्यात मुलांनी हट्ट केला म्हणून बागेत छोटं वेदर स्टेशन लावलं आणि आता मुलं विसरली, मीच रोज वही घेऊन बसते.

तर काल रात्री फोनवरचं अॅप म्हणत होतं हलका पाऊस, किमान ३ डिग्री. पहाटे साडेपाचला खिडकी उघडली तर बाहेर बर्फ, आणि भुरभुर नाही हो, मोठमोठे ओले पुंजके, वारा अजिबात नाही त्यामुळे सरळ खाली. गवतावर चार बोटं साठलेला, डांबरी रस्ता मात्र नुसता ओला. गंमत म्हणजे थर्मामीटर १.४ डिग्री दाखवत होता, शून्याच्या वर! आणि पावसाचा आकडा ०.०. दहापर्यंत ०.०. मग अकराच्या सुमारास ढग फाटले, लख्ख ऊन पडलं, आणि उन्हात हे महाराज पाऊस मोजायला लागले, बारापर्यंत ७ मिमी. नवरा म्हणतोय वॉरंटी आहे तोवर परत करून टाक.

म्हणजे एक तर स्टेशन बिघडलंय, किंवा अॅप बिघडलंय, किंवा मला काहीच कळत नाहीये. शेजारच्या शेतकऱ्याला विचारलं तर तो कोकरांना ते पारदर्शक प्लास्टिकचे रेनकोट चढवत होता, मान वर न करता म्हणाला 'लॅम्बिंग स्नो' (मेंढ्या विण्याच्या दिवसांतला बर्फ), दरवर्षीचंच आहे. खरंच एप्रिलच्या शेवटी हे नॉर्मल आहे का? आणि वहीत आज नक्की काय लिहू?

---

लीड्सचा_बाळू

ताई स्टेशन परत करू नका, ठणठणीत आहे!! या घरगुती स्टेशनांच्या पर्जन्यमापकात वर नरसाळं असतं आणि आत दोन कप्प्यांची झुलती पळी, एक कप्पा भरला की ती कलते आणि दर कलण्याला ०.२ किंवा ०.३ मिमी मोजलं जातं. बर्फ पडला की तो नरसाळ्यातच बसून राहतो, पळीपर्यंत पाणी जाणार कसं? ऊन आलं, वितळला, पळी हलायला लागली. तुमचे ७ मिमी म्हणजे पहाटेचाच बर्फ आहे, फक्त उशिरा हजेरी लागली. तेही थोडे कमीच आले असणार, कारण नरसाळं भरलं की वरचा ढीग बाहेर घसरतो.

पुढच्या वेळी असं करा. सकाळी नरसाळ्यातला बर्फ आत आणा, मापाने कोमट पाणी घाला, सगळं वितळलं की मोजा आणि घातलेलं पाणी वजा करा. जुन्या पद्धतीचा मापक असेल, तांब्याचा, पाच इंची तोंडाचा, काठ जमिनीपासून ३० सेंमी वर, तर अजून सोपं, आख्खा उचलून किचनमध्ये न्यायचा. जाडी मोजायची तर साधी फूटपट्टी, पण गडग्याच्या आडोशाला नाही, उघड्यावर तीन-चार ठिकाणी मोजून सरासरी घ्या. साधारण एक सेंमी ताज्या बर्फाचं एक मिमी पाणी होतं, ओल्या बर्फाचं जास्त. तुमची चार बोटं आणि ७ मिमी जुळतंय की.

आता वहीत काय लिहायचं, इथं खरी गोम आहे. ब्रिटनमध्ये हवामानाचा दिवस सकाळी ९ जीएमटीला (ग्रीनिचच्या प्रमाणवेळेनुसार) बदलतो. आत्ता समर टाइम चालू आहे, घड्याळं तासभर पुढं, म्हणजे घड्याळात १० वाजता. 'बर्फ पडला' ही एक नोंद आणि 'बर्फ साचलेला' ही वेगळी नोंद. साचलेला केव्हा म्हणायचा, तर ९ जीएमटीला आजूबाजूची निम्म्याहून जास्त जमीन झाकलेली असेल तर. पहाटे चार बोटं असूनही दहापर्यंत अर्धं गवत मोकळं झालं असेल तर कागदोपत्री तुमच्याकडं बर्फ साचलाच नाही, कितीही फोटो काढा 😀 उशिराच्या बर्फाचं बरेचदा हेच होतं. एप्रिलच्या शेवटी सूर्य आकाशात तेवढाच वर असतो जेवढा ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, ढगाआडूनसुद्धा बर्फ खातो तो.

---

शिमला_ऑफिस_शेजारी (पुणे)

मी इंग्लंडात राहत नाही पण घरात वेधशाळेची दुसरी पिढी, म्हणून मध्ये तोंड घालतो. (पुणेकरांना सांगायला नको, शिमला ऑफिस म्हणजे शिवाजीनगरची वेधशाळा. तिथंही त्याच झडपांच्या पांढऱ्या पेटीत थर्मामीटर असतात, जी दीपगृहं बांधणाऱ्या थॉमस स्टीव्हन्सन नावाच्या स्कॉटिश इंजिनियरने काढली. फक्त आपली सकाळची नोंद ८:३० ची.)

माऊताई, शून्याच्या वर बर्फ पडणं यात विशेष काही नाही. जमिनीजवळ हवा २ डिग्रीच्या आत असेल तर बर्फ पोचू शकतो, आणि ब्रिटनमधला मोठा बर्फ बऱ्याचदा ० ते २ याच पट्ट्यात पडतो. फार थंड हवेत मुळात बाष्पच कमी.

तुमच्याकडं पहाटे काय झालं असेल ते तुम्हीच लिहिलंय, 'वारा अजिबात नाही' आणि 'मोठे पुंजके'. वरून बर्फ निघाला, खालच्या थोड्या उबदार थरात वितळायला लागला, वितळायला उष्णता लागते ती त्याने त्याच हवेतून ओढली, हवा गार झाली. वारा असता तर बाजूची उबदार हवा येऊन भरपाई झाली असती, वारा नव्हता म्हणून गारवा तिथंच साठत गेला आणि सर जोरदार असल्यामुळं थर तासाभरात शून्याजवळ आला. म्हणजे पावसाने स्वतःलाच बर्फ करून घेतलं. हवा कोरडी असेल तर आणखी भर, थेंबांचं बाष्पीभवन होतं तेही उष्णता खातं. म्हणून अशा रात्री नुसतं तापमान बघू नका, स्टेशनवर दवबिंदू (हवा ज्या तापमानापर्यंत गार झाली की दव धरायला लागतं तो आकडा) दिसत असेल तो बघा. तापमान ३ आणि दवबिंदू उणे २ असेल आणि जोराची सर येणार असेल तर अॅप काहीही म्हणो, बूट दाराशी काढून ठेवा.

गवतावर साठला आणि रस्त्यावर नाही कारण डांबर आणि खालची जमीन दिवसभर उष्णता धरून असतात, गवताची पाती अधांतरी असतात, त्यांना खालून ऊब मिळत नाही.

अॅपला दोष द्यायचा तर थोडाच द्या. फुकटची बरीच अॅप अख्ख्या जगाचा अंदाज काढणाऱ्या संगणकी मॉडेलवर चालतात, त्यांची चौकट, म्हणजे नकाशाचा एकेक चौकोन, ९ ते १३ किमीची. तुमच्या भागात एवढ्या एका चौकटीत दरी पण आली आणि ६३६ मीटरचा किंडर स्काउट डोंगर पण आला, सगळ्यांची मिळून एकच उंची धरली जाते. दीडशे मीटर उंचीचा फरक म्हणजे साधारण एक डिग्री, आणि एप्रिलमध्ये पाऊस की बर्फ हे त्या एका डिग्रीवरच ठरतं. जानेवारीत चूक झाली तरी निभावतं, आत्ता नाही. मेट ऑफिसचं, म्हणजे ब्रिटनच्या हवामान खात्याचं, स्थानिक मॉडेल दीड किमीचं आहे, अशा दिवसांत ते बघा, आणि आयकॉन न बघता उंचीचा उल्लेख वाचा. '२०० मीटरच्या वर बर्फ' असं लिहिलेलं असतं त्यात तुम्ही येता.

---

क्रिकेटवेडा_लँकेशर

बक्स्टन म्हटल्यावर कुणी ते आठवलं कसं नाही अजून?? २ जून १९७५! जून!! डर्बीशर विरुद्ध लँकेशर काउंटी मॅच बक्स्टनच्या पार्कात. शनिवारी क्लाइव्ह लॉइडने नाबाद १६७ ठोकले, लँकेशर ५ बाद ४७७ डिक्लेअर, रविवारी सुट्टी, आणि सोमवारी येऊन बघतात तर मैदान पांढरं. अंपायर डिकी बर्ड, त्यांनी तो किस्सा पुढं आयुष्यभर सांगितला. खेळ रद्द. मंगळवारी बर्फ वितळलेल्या खेळपट्टीवर डर्बीशर ४२ आणि ८७ मध्ये गुंडाळले, एक डाव ३४८ धावांनी हरले. तेव्हा पिच झाकत नसत, त्यामुळं चेंडू काय उडत असेल विचार करा.

आणि आपल्या लोकांसाठी पुढचा भाग, बरोब्बर पाच दिवसांनी ७ जूनला लॉर्ड्सवर पहिल्या वर्ल्ड कपची पहिली मॅच, इंग्लंड ३३४, आणि गावसकर साहेब ६० ओव्हर खेळून १७४ चेंडूत नाबाद ३६. मी अजूनही म्हणतो बक्स्टनचा गारठा अंगात भरला होता 😂

---

बाणेर_टू_ब्रिस्टल

एवढा बर्फ एप्रिलमध्ये, आणि म्हणे ग्लोबल वॉर्मिंग.

---

लीड्सचा_बाळू

@बाणेर_टू_ब्रिस्टल दादा हा वाद इथं नको खरं तर, पण एकदाच सांगतो. मध्य इंग्लंडच्या तापमानाची सलग नोंद १६५९ पासून आहे, यंत्राने मोजलेली जगातली सगळ्यात लांब मालिका. त्यात वर्षाची सरासरी ११ डिग्रीच्या वर पहिल्यांदा गेली ती २०२२ साली, त्याच जुलैत लिंकनशरमध्ये कनिंग्सबीला ४०.३ नोंदलं गेलं. एका सकाळच्या बर्फाने त्यात काही हलत नाही. उत्तर ध्रुवाकडून थेट वारा दोन दिवस आला की एप्रिलमध्ये बर्फ पडू शकतो, आधीही पडायचा. आता तेवढा वेळा पडत नाही म्हणून तर आपण धागे काढतोय.

---

ईडनकाठची_डॉक्टरीण (कंब्रिया)

माऊ, तुझ्या शेतकऱ्याचं बरोबर आहे. डिसेंबरपेक्षा मार्चमध्ये या देशात बर्फाचे दिवस जास्त असतात, लोकांच्या डोक्यात ख्रिसमस बसलाय म्हणून आश्चर्य वाटतं. भोवतालचा समुद्र सगळ्यात गार असतो तो फेब्रुवारी-मार्चमध्ये, त्यामुळं उत्तरेचा वारा आला की वाटेत फारसा तापत नाही. एप्रिलचा शेवट जरा उशिराचा, पण २४ ते २६ एप्रिल १९८१ ला तुमच्या पीक डिस्ट्रिक्टपासून पार दक्षिणेकडच्या कॉट्सवोल्ड्सच्या टेकड्यांपर्यंत हिमवादळ झालं होतं, आमच्या दवाखान्यात येणारे म्हातारे शेतकरी अजून तारखेनिशी सांगतात. मार्च २०१३ चं तर ताजंच म्हणायचं, आमच्या कंब्रियात मेंढ्या गडग्यांच्या आडोशाला उभ्या राहिल्या आणि वाऱ्याने बर्फ नेमका तिथंच आणून टाकला, माणसं लांब काठ्या खुपसून खुपसून कळप शोधत होती.

कोकरांच्या रेनकोटावर हसू नकोस हं. कोरडी थंडी कोकरू सहन करतं, आईचं पहिलं दूध पोटात गेलं असेल तर उणे तापमानातही उड्या मारतं. मारतो तो ओला बर्फ आणि वर वारा. लोकर भिजली की संपलं. म्हणून डोंगराकडचे शेतकरी वेत मुद्दाम एप्रिलच्या मध्यानंतर धरतात, गवत आलेलं असतं आणि बर्फ बहुतेक वेळा उरकलेला. बहुतेक वेळा.

आमच्याकडं या दिवसांत अजून एक पाहुणा असतो, हेल्म विंड. स्वतःचं नाव असलेला ब्रिटनमधला हा एकच वारा. ईशान्येकडून येतो, ८९३ मीटरच्या क्रॉस फेल डोंगरावर ढगाची टोपी चढते आणि पश्चिमेच्या उतारावरून वारा खाली गावांवर अक्षरशः कोसळतो, कपडे वाळत घालायची सोय नाही. थोडं पुढं दरीवर दुसरा एक लांबलचक आडवा ढग थांबून राहतो, वारा सुरू असताना तो जागचा हलत नाही, आणि त्याच्याखाली आलं की एकदम शांत. माझ्या एका व्हिजिटला गाडीचं दार दोन्ही हातांनी धरावं लागलं होतं आणि पुढच्या गावात झाडाचं पान हलत नव्हतं. ज्या गॉर्डन मॅनलीने ती १६५९ पासूनची मालिका जुळवली (बाळूने नाव सांगितलं नाही म्हणून मी सांगते) तोच १९३० च्या दशकात ग्रेट डन फेलच्या माथ्यावर झोपडीत उपकरणं लावून हा वारा मोजत बसला होता. असली माणसं!

आणि टोमॅटोची रोपं बाहेर ठेवली असशील तर आधी आत घे. मे सरेपर्यंत अंगावरचं जाडं काढू नये अशी इथली जुनी म्हणच आहे.

---

गडग्यावरची_माऊ

बाप रे केवढं लिहिलंत सगळ्यांनी, नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं, स्टेशन राहतंय 😀 टोमॅटो आतच आहेत हो डॉक्टर, पण कढीपत्त्याची कुंडी परवाच कौतुकाने बाहेर ठेवली होती, तिचं काय व्हायचं ते झालं.

काका, दवबिंदू खरंच दिसतो स्टेशनवर, मी कधी बघितलाच नव्हता. मागचा डेटा काढला, रात्री अकराला तापमान ३.६ आणि दवबिंदू उणे १.१ होता, मग पाच वाजेपर्यंत तापमान उतरत उतरत १.१ आणि दवबिंदू ०.४ वर आलेला. म्हणजे तुम्ही म्हणता तसंच ना? आणि बाळू, दहा वाजता मी बाहेर गेले होते तेव्हा कुरण अर्धंअधिक पांढरंच होतं, पण गडग्याच्या उन्हाच्या बाजूला हिरवं दिसायला लागलं होतं. साचलेला लिहू का नको?

---

शिमला_ऑफिस_शेजारी

अगदी तसंच. खाली पडता पडता थेंब हवेत विरत होते म्हणून दवबिंदू चढला आणि तापमान उतरलं, दोघं मध्ये भेटायला निघाले होते. हे आकडे वहीत लिहून ठेवा, पुढच्या वर्षी अंदाज बांधायला उपयोगी पडतील. एक सूचना, बर्फावर ऊन पडलं की सेन्सरच्या पांढऱ्या टोपीत खालूनही उजेड परावर्तित होतो आणि दुपारचं कमाल तापमान फुगलेलं येतं. आजचा कमाल आकडा एकदम वेगळा दिसला तर शेजारी शेरा मारा.

---

लीड्सचा_बाळू

ताई निम्म्याहून जास्त पांढरं होतं ना, मग बिनधास्त 'साचलेला' लिहा, जाडी त्या वेळची लिहा, पहाटेची नाही. पहाटेची चार बोटं शेऱ्यात. ७ मिमी जर ९ जीएमटीनंतर मोजले गेले असतील तर स्टेशन ते आपोआप आजच्या खात्यात टाकेल, ते हाताने कालच्या खात्यात वळवा, कारण सकाळच्या नोंदीच्या आधी पडलेलं सगळं आदल्या दिवसाचं. आणि स्टेशनचं घड्याळ समर टाइमवर असेल तर ते आजच जीएमटीला लावून टाका, ऑक्टोबरमध्ये एका तासाचा घोळ निस्तरत बसायला नको. नोंदी नियमित व्हायला लागल्या की क्लायमेटॉलॉजिकल ऑब्झर्व्हर्स लिंकमध्ये या, हौशी निरीक्षकांची संघटना आहे, १९७० पासून चालू. मापक गडग्यापासून किती लांब आहे ते मात्र कळवा, अडथळ्याच्या उंचीच्या दुप्पट तरी अंतर हवं.