त्या तासाला नेमकं काय झालं? प्राध्यापकांविषयीचे अनुभव

5 सप्टेंबरला आपण शुभेच्छा पाठवतो, पण सरांनी किंवा मॅडमनी नेमकं काय केलं, ते सांगायचं राहूनच जातं. म्हणून हा धागा. ‘खूप छान शिकवायचे’ एवढ्यावर थांबू नका. एखादा तास, एखादा प्रश्न, वहीवरचा एखादा शेरा आठवून लिहा. सुरुवात मी करते.

पुण्यात भूशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होते. सरांनी कात्रज घाटात गाडी थांबवली आणि रस्त्यासाठी तोडलेल्या कड्यासमोर आम्हाला उभं केलं. “पंधरा मिनिटं बघा. बोलू नका, दिसेल ते वहीत काढा.” काळ्या बसाल्टच्या, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या खडकाच्या, दोन थरांमध्ये वीतभर जाडीचा विटकरी पट्टा होता. मी तो काढलाच नव्हता. मला वाटलं, वरून ओघळलेला चिखल असेल. सरांनी हातोडीच्या टोकानं थोडी माती खरवडून माझ्या तळहातावर ठेवली. “ही इथे कशी आली?” बराच वेळ कुणी बोलेना. मग एकेक करत आमचं आम्हालाच सुचत गेलं. खालचा लाव्हा थंड झाला, ऊनपावसानं झिजला, त्याची माती झाली, आणि त्यावर पुढचा लाव्हा येऊन ती भाजून निघाली. म्हणजे मधे कितीतरी काळ इथे नुसता पाऊस पडत होता! दख्खनचा बसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, हे मला तोंडपाठ होतं. पण तो काळ हाताला लागला त्या दिवशी.

इतिहास, एम. ए.

आमच्या मॅडमनी मोडी लिपी शिकवताना पहिल्या दिवशी फक्त रेघा ओढायला लावल्या. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ, मग तिला अक्षरं लटकवायची. पुढे पुण्याच्या पुराभिलेखागारात नेलं. पेशवे दप्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, तिथेच आहेत. मोडीत शब्द तोडलेले नसतात, विरामचिन्हं नसतात, ऱ्हस्व-दीर्घ बघायची सोय नाही. एका हिशेबाच्या कागदात मी ‘चांदी’ वाचलं आणि हरखलो. मॅडम चूक म्हणाल्या नाहीत. “पुढची ओळ वाच,” एवढंच. पुढे घोडी मोजलेली होती. ती चांदी नव्हती, चंदी होती, घोड्यांचा दाणा. मी एक काना पदरचा घातला होता. आज कुठलाही कागद वाचताना मी पुढची ओळ आधी बघतो.

गणित

दहावीपर्यंत मराठी माध्यम. कॉलेजात एका सरांनी वर्षभर नोट्स उतरवून दिल्या. त्या पाठ करून मार्क मिळाले, गणित मात्र कळलं नाही. विद्यापीठात आल्यावर क्रमिकेच्या (ओळीनं मांडलेल्या संख्यांच्या) सीमेची, म्हणजे त्या संख्या जिच्या जवळ जवळ जातात त्या संख्येची, व्याख्या फळ्यावर आली आणि माझा घाम फुटला. मॅडम म्हणाल्या, “चिन्हं पूस. घरी आईला सांगशील तसं सांग.” अडखळत सांगितलं: समोरच्यानं सीमेपासून कितीही बारीक अंतर मागावं, आणि आपण त्याला असं एक ठिकाण दाखवावं, की तिथून पुढचं एकही पद त्या अंतराबाहेर जाणार नाही. “आता हेच चिन्हांत लिही.” लिहिता आलं. वर्गासमोर मराठीत बोलल्याचा संकोच तेव्हाच गेला.

अर्थशास्त्र, नाशिक जिल्हा

मी टेबलाच्या पलीकडून लिहिते. तासिका तत्त्वावर शिकवते. मानधन घेतलेल्या तासांचं मिळतं, घरी केलेल्या तयारीचा हिशेब त्यात नसतो, आणि पुढच्या वर्षी नेमणूक होईल की नाही, ते जूनपर्यंत कळत नाही. प्राध्यापकांनी प्रेरणा द्यावी अशी अपेक्षा असेल, तर हेही बोललं पाहिजे.

तरी एक तास सांगते. मागणी-पुरवठ्याची वक्ररेषा काढून झाली, पण वर्ग कोराच. पोरं निफाड-येवल्याची, घरोघरी कांदा. दुसऱ्या दिवशी घरातली बाजार समितीची पट्टी, म्हणजे माल विकल्याची पावती, आणायला सांगितली. वजन, भाव, हमाली, तोलाई आणि हातात पडलेली रक्कम, सगळं फळ्यावर मांडलं. त्याच दिवशी, त्याच बाजारात दोघांना वेगळा भाव का मिळाला, यावर एरवी तोंड न उघडणारी मुलगी वीस मिनिटं बोलली: प्रत, ओलावा, गाडी किती वाजता लागली, त्या दिवशी आवक किती होती. घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

सोमवारी ती वडिलांच्या पाच वर्षांच्या पट्ट्या घेऊन आली, सुतळीनं बांधलेल्या, वर्षवार लावलेल्या. “मॅडम, यावरून आलेख काढता येईल का?”