मदत हवी आहे: वडिलांसाठी टूथब्रश कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी,

प्रश्न किरकोळ वाटेल, पण गेला महिनाभर मी त्यातच अडकले आहे. बाबा ८१ वर्षांचे. संधिवातामुळे उजव्या हाताची मूठ पूर्ण मिटत नाही. खालचे बहुतेक दात स्वतःचे, वर काढता-घालता येणारी अर्धी कवळी. आयुष्यभर त्यांनी ‘हार्ड’ ब्रश वापरला. मऊ ब्रश आणून दिला तर "दात घासल्यासारखं वाटतच नाही" म्हणून बाजूला ठेवतात. नवा ब्रश तीन आठवड्यांत पिंजारतो. हिरड्या खाली सरकल्यात आणि हिरडीलगत दातांना नखाला लागेल अशी खाच पडली आहे.

परवा बाथरूमच्या दाराशी उभी राहून नीट बघितलं. ब्रशची दांडी बोटांत फिरते, मग ती अंगठ्याने तळव्याशी दाबून धरतात आणि हाताऐवजी मानच हलवतात! पुढचे दात लख्ख, मागच्या दाढांपर्यंत ब्रश जातच नाही. मी घासून देऊ का विचारलं तर "एवढा काही म्हातारा झालो नाही अजून."

मऊ म्हणजे नक्की किती मऊ? इलेक्ट्रिक ब्रश झेपेल का? (पेसमेकर आहे.) आणि कवळीला तोच ब्रश चालतो का? ते सध्या त्याच ब्रशने, त्याच पेस्टने कवळीही घासतात.

---

दाढदुखी: दंतवैद्य आहे, पण तोंड न बघता सांगतोय हे लक्षात ठेवा. हिरडी सरकली की दाताचं मूळ उघडं पडतं. त्या भागावर इनॅमल (दाताचं बाहेरचं कडक आवरण) नसतं, आतला डेंटिनचा थर त्यापेक्षा बरंच मऊ. त्यावर कडक ब्रश वर्षानुवर्षं आडवा फिरला की तुम्ही म्हणता तशी खाच पडते. म्हणून पाकिटावर ‘सॉफ्ट’ किंवा ‘एक्स्ट्रा सॉफ्ट’ लिहिलेलाच घ्या. ‘मीडियम’ही नको. डोकं लहान हवं, मोठं डोकं शेवटच्या दाढेमागे वळत नाही. केस हिरडीच्या कडेशी साधारण ४५ अंशांत तिरके टेकवायचे आणि जागच्या जागी हलकेच हलवायचे.

तीन आठवड्यांत ब्रश पिंजारतो याचा अर्थ जोर फार लागतोय. एरवी तीन-चार महिने टिकायला हवा. "घासल्यासारखं वाटत नाही" यावर माझा एक उपाय: घासून झाल्यावर त्यांना दातांवरून जीभ फिरवायला सांगा. गुळगुळीत लागलं तर झालं काम. खरखरीत लागलं तिथे पुन्हा एकदा ब्रश. खरवडल्याच्या जाणिवेऐवजी जिभेवर भरवसा बसायला आठवडा-दोन आठवडे जातात.

---

सांजवेळ: ताई, केसांइतकंच दांडीकडे बघा. सासूबाईंचं मी पाच वर्षं केलं, त्यांचीही बोटं अशीच होती. हातरुमाल गुंडाळून त्यांच्या हातात द्यायचा आणि बोटं न दुखता जिथे थांबतील तेवढी जाडी मोजायची. मग तेवढी जाड दांडी करायची. आम्ही सायकलच्या हँडलची रबरी मूठ चढवली होती. फोमची नळीही चालते, पण ती ओली राहिली की वास येतो, रोज काढून वाळवावी लागते.

आणि खुर्चीत बसून घासू दे त्यांना, समोर आरसा ठेवा. एका हाताने बेसिन धरून तोल सांभाळायचा आणि दुसऱ्याने घासायचं, हे या वयात कठीणच असतं.

---

दाढदुखी: दांडीचा मुद्दा अगदी बरोबर, माझ्याकडून राहिला. इलेक्ट्रिक ब्रशची दांडी मुळातच जाड असते आणि तो फक्त दातावर टेकवून पुढे सरकवायचा असतो. तुमच्या बाबांना म्हणूनच सोपा जाईल. जास्त जोर लागला की दिवा लागणारा आणि दोन मिनिटांचा टायमर असणारा बघा. मात्र वजन, बटण किती घट्ट आहे आणि डोकं काढायला किती ओढावं लागतं हे त्यांच्याच हातात देऊन तपासा. तोंडात घातल्यावरच चालू करायचा, नाहीतर पेस्ट आरशावर. पेसमेकरबद्दल घेण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. चार्जर छातीजवळ धरायचा नाही, हे तर नक्की.

कवळीला वेगळा ब्रश, आणि पेस्ट अजिबात नको. पेस्टमधल्या बारीक कणांनी कवळीच्या अ‍ॅक्रिलिकवर (प्लॅस्टिकवर) ओरखडे पडतात आणि त्यांत घाण धरते. सौम्य साबण पुरे. धुताना बेसिनमध्ये टॉवेल पसरा, हातातून सुटली तरी फुटणार नाही. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवायची. गरम पाण्याने आकार बिघडतो. कवळीच्या तारा ज्या दातांना धरतात ते दात जास्त जपा, तिथेच कीड लवकर लागते.

---

उंबरठा: तीन बाजूंनी केस असलेला ब्रश मिळतो, तो कसा?

सांजवेळ: दुसऱ्याचे दात घासून देताना बरा पडतो, एका फिरवण्यात आत-बाहेर दोन्हीकडे लागतो. पण मधले दात गेले असतील तर नीट बसत नाही. आम्ही परत साध्यावर आलो.

---

(धागाकर्ती): सगळ्यांचे आभार. आज सायकलची मूठ चढवून दिली. बाबांनी आधी "हे काय खेळणं?" विचारलं, मग पाच मिनिटं आतून बाहेर आलेच नाहीत. मान स्थिर होती, मी डोकावून बघितलं. डाव्या बाजूची शेवटची दाढ अजून सुटते आहे. डाव्या हाताने घासायची सवय कुणी या वयात लावली आहे का?